माझ्याच नावावरची गाडी

३ ऑगस्ट २०२५, रविवार

दादाचं तेरावं काल मुलुंडला झालं. मी आणि विजया सकाळीच वापी स्टेशनवरून गाडी धरून गेलो, संध्याकाळी परत आलो. गौरी आली नाही. तिची फॅक्टरीत पाळी होती.

जेवण चांगलं होतं. मी दोनदा भात घेतला. तिसऱ्यांदा घेणार होतो, पण विजया बघत होती. माणसं येऊन माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो. सांत्वन मीच करत होतो. मला काही झालं नाही. सात वर्षांत दादाशी एक शब्द बोललो नव्हतो, त्यामुळे तो गेला म्हणजे नेमकं काय कमी झालं ते कळत नाही.

निघताना शैलजावहिनींनी आतल्या खोलीत बोलावलं. "भावोजी, खाली गाडी उभी आहे ना, तिचे कागद तुमच्या नावावर आहेत. सोसायटीवाले रोज कटकट करतात. भंगारवाला न्यायला तयार आहे, पण सही तुमची लागणार."

"बघतो," म्हणालो.

४ ऑगस्ट, सोमवार

वहिनींना उत्तर द्यायचं आहे, म्हणून एकदा सगळं सरळ मांडून ठेवतो. चौतीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली. पक्ष आणि साध्य लिहिल्याशिवाय मला सिद्धता सुचत नाही.

२०१० च्या डिसेंबरात दादाने जर्मन कंपनीची मोठी गाडी घेतली. मुंबईत तिचा रस्ता-कर भरायचा तर तेवढ्यात दुसरी छोटी गाडी आली असती. आमच्या सिल्वासात, केंद्रशासित प्रदेश म्हणून, तो बराच कमी. त्या काळी ज्याचा कोणी भाऊ, मेहुणा, मित्र इथे राहायचा, तो त्याच्या पत्त्यावर गाडी नोंदवायचा. दादा म्हणाला, "नाऱ्या, दोन सह्या कर." मी केल्या. कागदोपत्री मालक मी झालो. प्रत्यक्षात त्या गाडीत एकदाच बसलो, नोंदणीच्या दिवशी, परिवहन कचेरीपासून किलवणी नाक्यापर्यंत. तिथे दादाने मला उतरवलं आणि तो मुंबईला गेला.

२०१८ मध्ये आमच्या गौरीला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला. एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती, वसतिगृहासकट, आणि तिचे गुण बघता ती नक्की होती. अर्जात एक प्रश्न होता: कुटुंबाच्या मालकीचं चारचाकी वाहन आहे का. मी 'आहे' म्हटलं, कारण कागदोपत्री होतंच. शिष्यवृत्ती गेली. दादा फोनवर म्हणाला, "अरे, नाही लिहायचं! कोण बघायला येणार होतं?" मी म्हणालो, मी मुलांना शिकवतो, मला खोटं लिहिता येत नाही. तो म्हणाला, "बरं, फी मी भरतो." मी नको म्हणालो आणि फोन ठेवला. ते शेवटचं बोलणं.

गौरीने वापीला बी.एस्सी. केलं. आता इथे सुताच्या फॅक्टरीत लॅबमध्ये आहे, कंपनीच्या बसने जाते-येते. तिने त्या वेळी अवाक्षर काढलं नाही. समजूतदार पोर आहे.

तर पक्ष असा: गाडी पंधरा वर्षांची होतेय. १७ डिसेंबरला नोंदणी संपते. त्याआधी इथल्या कचेरीत तपासणीत पास झाली तर पुढे पाच वर्षं चालेल, नाहीतर भंगार.

साध्य काय आहे ते मला लिहिता येईना.

१० ऑगस्ट, रविवार

गाडी घ्यायची ठरवली. वहिनींना भंगारवाल्यापेक्षा थोडे जास्त देईन. विजयाला सांगितलं तेव्हा ती वाल सोलत होती.

"तुमचीच गाडी तुम्ही विकत घेणार?"

"कागदावर माझी आहे. पैसे दादाचे होते."

"आणि चालवणार कुठे? शाळा चालत दहा मिनिटांवर. मेमध्ये निवृत्त व्हाल, मग तर तेही नाही."

तिने सोलायचं थांबवलं.

"हे बघा, बाकी काही करा. पण ती गाडी दारात आली ना, तर गौरी या घरातून जाईल. लिहून ठेवा हवं तर."

लिहून ठेवलं. विजयाला अतिशयोक्तीची सवय आहे. गौरी कुठे जाणार? माझ्याशी ती पहिल्यापासून कामापुरतंच बोलते. पहिल्यापासून म्हणजे कधीपासून, ते आठवत बसलो तर शाळेत असताना बडबडी होती असं वाटतं. मुली मोठ्या झाल्या की अशाच होतात.

२४ ऑगस्ट, रविवार

गाडी आणली.

बरोबर नवनाथ होता. धुळ्याकडचा आहे, फॅक्टरीत मेंटेनन्सला फिटर. आधी सहा वर्षं वापीला महागड्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये होता. त्याच्या मोठ्या भावाला मी दहावीला शिकवलं, म्हणून मला सर म्हणतो. सुट्टीच्या दिवशी खेरडीत आपल्या खोलीमागे गाड्या दुरुस्त करतो.

मुलुंडला गाडी ताडपत्रीखाली होती. ताडपत्री काढली तर ती जमिनीला पोट टेकून बसली होती, डबक्यातल्या म्हशीसारखी. नवनाथ वाकून बघत म्हणाला, "सर, हिच्या पायातली हवाच गेली. हिले स्प्रिंगा नाहीत, हवेच्या पिशव्या आहेत. श्रीमंताले खड्डा लागू नये म्हनून." बॅटरी मेलेली. ती डिकीत असते, आणि डिकी बॅटरीवर उघडते. नवनाथने मागची सीट उपटून आतून हात घातला, नवी बॅटरी बसवली आणि इंजिन सुरू झाल्यावर गाडी हळूहळू उठून उभी राहिली. माझ्यासाठी हाच दिवसातला सगळ्यात मजेचा भाग.

वहिनी खाली आल्या नाहीत. खिडकीतून बघत होत्या.

निघाल्यावर पहिला तास मी गाडी चालवली नाही, ती मला नेत होती. आवाज नाही, धक्का नाही. समोर एकामागून एक पिवळे दिवे लागत गेले. मी दर वेळी नवनाथकडे बघायचो आणि तो दर वेळी म्हणायचा, "ते नका बघू, रस्ता बघा." चारोटीच्या पुढे पाणी उकळलं. बॉनेट उघडं टाकून दीड तास बसलो. येणारे जाणारे थांबून फोटो काढत होते.

संध्याकाळी दारात लावली. समोरचे पटेल गॅलरीतून म्हणाले, "गाडी लीधी, साहेब? सरस!" मी हात केला. गौरी बसमधून उतरून आली. गाडी फाटकाला लागून होती. तिने चपला काढून हातात घेतल्या, बाजूच्या चिखलातून कुंपणाकडून गेली, नळावर पाय धुतले आणि आत आली. गाडीला अंगसुद्धा लागू दिलं नाही. नवीन वस्तूला ओरखडा पडू नये याची तिला काळजी.

७ सप्टेंबर, रविवार

पंधरा दिवसांत झालेलं: मागची उजवी काच खाली गेली ती वर येत नाही, तिथे प्लास्टिक लावलंय. छताच्या काचेतून पाणी येतं आणि पायाखाली साचतं. विजयाची जुनी भाजीची वाटी तिथे ठेवलीय. गाडी रोज सकाळी एका अंगाने बसलेली असते. किल्ली कधी ओळखते, कधी ओळखत नाही.

मी तिने शाळेत जातो. चालत दहा मिनिटं लागायची, गाडीने वीस लागतात, कारण वळवायला गल्लीत जागा नाही. शिक्षकांच्या खोलीत मला आता सेठ म्हणतात. शिपाई लीलाबाईंनी विचारलं, "सर, लॉटरी लागली का?" मी म्हणालो, भाऊ गेला. मला तसं म्हणायचं नव्हतं.

दुपारी सुट्टीत गाडीत जाऊन बसतो. मागच्या सीटवर. झोप येत नाही, वाचत नाही. नुसता बसतो. घंटा झाली की उतरतो.

२१ सप्टेंबर, रविवार

दिवसभर खेरडीत. नवनाथने हवेच्या पिशव्या काढून टाकल्या आणि कुठल्यातरी टॅक्सीच्या स्प्रिंगा बसवल्या. गाडी बोटभर उंच झाली. दिसायला जराशी बावळट, पण आता बसत नाही. नवनाथच्या मते जुनी महागडी गाडी पाळायचं एकच शास्त्र आहे: जे बिघडेल ते नवं आणायचं नाही, त्याच्याशिवाय चालतं का ते आधी बघायचं. मला हे पटलं. मी बराच काळ तसाच चाललोय.

त्याची बायको सोनी चहा घेऊन आली. गाडीभोवती फिरून म्हणाली, "सर, बाईंना आनि ताईले बसवून आना ना एकदा. लेकीले किती भारी वाटंन!"

"आणेन," म्हणालो.

नवनाथ गाडीखालून म्हणाला, "सर, राग नका मानू. ही गाडी तुम्ही कोनासाठी करून राह्यले? तुम्ही तर चालवताना हसत बी नाही."

मी म्हणालो, पडून राहण्यापेक्षा चालू बरी. त्याने पाना मागितला, मी दिला. दादाचा फोटो अजून भिंतीवर लावलेला नाही. खिळा आणायला रोज विसरतो.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गौरीने स्वतःहून येऊन माझ्याशी बोलणं काढलं. दहावीचं, बारावीचं मूळ प्रमाणपत्र आणि इथल्या रहिवासाचा दाखला हवा म्हणाली. मी विचारलं, पासपोर्टसाठी का? ती म्हणाली, "तसंच काहीतरी." कपाटातून काढून दिले. प्रत्येकाची नीट घडी घातलेली होती. कागद सांभाळण्यात माझा हात कोणी धरणार नाही, असं मी तिला म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली.

तेवढ्यात मी तिला सांगून टाकलं की पाण्याची टाकी बदलली, आता गाडी तापत नाही, पावसाळा संपलाच आहे, तर सकाळी तुला फॅक्टरीत सोडत जाईन. ती म्हणाली, बस दारातून मिळते. बस दारातून मिळत नाही. नाक्यापर्यंत चालावं लागतं.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

विजयाला घेऊन वासोण्यापर्यंत जाऊन आलो. गौरीला येतेस का विचारलं. तिला गाडीत मळमळतं. दुपारी ती मैत्रिणीबरोबर तिच्या गाडीतून दमणला गेली, संध्याकाळी मासळी घेऊन आली. छोट्या गाडीत मळमळत नसावं.

तिथल्या सिंह सफारीचं फाटक बंद होतं. बाहेरच्या टपरीवर चहा घेतला. विजया गाडीत बसूनच होती. सीटवर हात फिरवत म्हणाली, "मोठ्या भावोजींनी मला एकदासुद्धा बसवलं नाही हो यात." मग म्हणाली, "चांगली आहे. चांगली आहे हेच वाईट." मला अर्थ लागला नाही. परत येताना छतातून पावसाळ्यातलं उरलेलं पाणी तिच्या पाडव्याच्या साडीवर पडलं. ती हसली. खूप दिवसांनी हसली. मला हसू आलं नाही, पण ती हसल्याचं बरं वाटलं.

९ नोव्हेंबर, रविवार

तपासणीची तारीख मिळाली: १६ डिसेंबर, मंगळवार. नोंदणी १७ ला संपते. मध्ये एकच दिवस. एकदा नापास झालो की संपलं. नवनाथने कागदावर यादी लिहून दिली: ब्रेक, धूर, एक हेडलाइट, वायपर, ती काच. म्हणाला, "होईन सर. पन घाई नका करू. आनि तुम्ही स्वतः खाली शिरू नका."

३० नोव्हेंबर, रविवार

स्वतः खाली शिरलो नाही. फक्त वाकलो. खेरडीत ओल्या फरशीवर पाय घसरला आणि उजव्या हातावर पडलो. मनगट सुजलं. हाड मोडलेलं नाही, पण डॉक्टरांनी तीन आठवडे पट्टा बांधलाय. हे डाव्या हाताने लिहितोय. पहिलीतल्या मुलाचं अक्षर दिसतं.

दुखतं. खरं सांगायचं तर दुखतंय ते बरं वाटतंय. चार महिन्यांत पहिल्यांदा अंगात काहीतरी चालू आहे असं वाटलं.

मोठा प्रश्न: १६ तारखेला गाडी चालवणार कोण? नवनाथला त्या आठवड्यात रजा नाही, कारखान्यात नवीन मशीन बसतंय. पटेलांचा ड्रायव्हर मागून बघतो.

७ डिसेंबर, रविवार

विजयाने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

गौरी जातेय. नाशिकला. इंटिरियर डिझाइनचा दोन वर्षांचा कोर्स. दोन जानेवारीला. नोकरीचा राजीनामा दिलाय. फी तिने चार वर्षांच्या पगारातून साठवली, आणि पहिला हप्ता ऑक्टोबरातच भरला. विजयाला पंधरा दिवसांपूर्वी कळलं. मला आज.

"तिने मला का नाही सांगितलं?"

विजयाने कुकरचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

मी गौरीच्या खोलीत गेलो. पलंगावर कागद पसरलेले होते. कुठल्यातरी घराचा नकाशा, पेन्सिलने काढलेला, खिडक्या-दारं मोजून. रेषा अगदी सरळ. हे ती केव्हापासून करते मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "गौरी, तपासणी होऊ दे. पास झाली की गाडी विकतो. चालू कागदांच्या गाडीला चांगली किंमत येते. सगळे पैसे तुझ्या फीला."

तिने नकाशा गुंडाळला. "बाबा, माझ्या नावाने काही विकू नका. आणि माझ्या नावाने काही ठेवूही नका. माझं झालंय."

राग नव्हता आवाजात. राग असता तर उत्तर देता आलं असतं. मी दार लावून बाहेर आलो. मग आठवलं की ते दार ती उघडंच ठेवते, म्हणून परत जाऊन उघडलं.

विजयाचं ऑगस्टमधलं वाक्य शोधून वाचलं. ती चुकली होती. गाडी दारात आली म्हणून गौरी चाललेली नाही. ती सात वर्षांपूर्वीच गेली आहे, सामान आता हलतंय. मला भीती वाटते. दोन जानेवारीला ती बॅग घेऊन बसमध्ये बसेल, हात करेल, फोनवर तब्येत विचारत राहील, आणि मी मरेपर्यंत आम्ही असेच नीट बोलत राहू.

दादाशी निदान भांडण तरी झालं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

पटेलांच्या ड्रायव्हरला गाडी दाखवली. म्हणाला, "ये ऑटोमॅटिक मेरे से नहीं होगा सर, कुछ टूट गया तो?" नवनाथ रात्रपाळी करून सकाळी आला आणि झोपेतच काच बसवून गेला. यादीतलं सगळं झालं. गाडी तयार, चालवायला कोणी नाही.

जेवताना हे विजयाला सांगत होतो. गौरी ताट उचलून उठली आणि बेसिनकडे जाताना म्हणाली, "मंगळवारी मी येते. सुट्टी टाकते." मी काही बोलायच्या आत तिने नळ सोडला.

तिने दोन वर्षांपूर्वीच लायसन्स काढलंय म्हणे. विजयाला माहीत होतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

हात दुखतोय, पण आजच लिहितो. उद्या मी हे वेगळं लिहीन, अशी मला माझी खात्री आहे.

साडेनऊला निघालो. गौरीने सीट पुढे घेतली, आरसे लावले आणि गल्लीतून एका दमात गाडी बाहेर काढली. मला चार महिन्यांत ते जमलं नव्हतं. मी शेजारी बसून किती छान चालवतेस म्हणालो. "कंपनीची जीप चालवते मी, कधीकधी," ती म्हणाली. हेही माहीत नव्हतं.

कचेरीच्या मैदानात रांग होती. पुढे टेम्पो, रिक्षा, एक शाळेची बस. आमची गाडी सगळ्यांत चकचकीत. साडेअकराला नंबर आला. निरीक्षकांनी चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, छाप मूळ कागदाशी ताडून बघितला. दिवे, वायपर, हॉर्न. गौरीने मैदानात गाडी पळवून ब्रेक मारला. जागच्या जागी थांबली. मालक कोण, त्यांनी विचारलं. मी पट्टा बांधलेला हात वर केला. "गाडी सारी राखी छे, सर," ते कौतुकाने म्हणाले. पास. पावतीसाठी थांबायला सांगितलं.

पास झाल्यावर काहीतरी वाटेल असं मला वाटलं होतं. आम्ही गाडीत येऊन बसलो. बाहेर ऊन होतं, तिने एसी लावला.

मी विचारलं, "कशी वाटते गाडी?"

"चांगली आहे. खराब असती तर बरं झालं असतं."

तिने त्या अर्जाचं नाव काढलं नव्हतं, पण दोघांनाही कळलं की आम्ही तिथेच आलोय. मग मी ते नेहमीचं वाक्य म्हटलं. सात वर्षांत विजयाला, वहिनींना, शाळेतल्यांना आणि या वहीलाही सांगितलेलं. "गौरी, मला त्या वेळी खोटं लिहिता आलं नसतं."

ती समोरच्या टेम्पोकडे बघत होती.

"बाबा, तिथे लिहायचं नव्हतंच काही. आहे किंवा नाही, एवढंच होतं. टिक करायची होती."

"हो."

"तुम्ही कंपनीचं नाव लिहिलंत. मॉडेल लिहिलंत. ऑटोमॅटिक लिहिलंत. चौकटीत मावेना तर कडेने उभं लिहिलंत. रंग रुपेरी, असं."

मला आठवत नाही, असं म्हणणार होतो. आठवतं. काळ्या शाईचं पेन घेतलं होतं, प्रमाणपत्रं लिहायचं. लहानपणापासून मी दादाचे शर्ट घातले, दादाची सायकल चालवली, दादाच्या पुस्तकांवरचं नाव खोडून माझं घातलं. गाडी आहे का, असं मला आयुष्यात कोणी विचारलं नव्हतं. त्या दिवशी एका छापील कागदाने विचारलं. आणि ती आहे हे सांगायला मला एक टिक पुरली नाही. सत्याचा त्यात काहीही संबंध नव्हता. सत्य मागाहून आलं, दादा फोनवर ओरडला तेव्हा. मग मी त्यालाच धरून बसलो, कारण दुसरं जे होतं ते कोणाला दाखवण्यासारखं नव्हतं.

"मला छान वाटलं होतं गं लिहिताना," मी म्हणालो. "तुझा विचारच नव्हता त्या क्षणाला डोक्यात. माझं चुकलं. फार चुकलं."

शाळेची बस ब्रेक मारायला मैदानात गेली आणि परत आली.

"माहितीये," ती म्हणाली. "मी समोरच बसले होते. माझ्याकडे दुसरा कोरा फॉर्म होता, बाबा. खाडाखोड झाली तर असावा म्हणून एक जास्तीचा आणला होता. मी आत जाऊन घेऊन पण आले. पण तुम्ही शाई वाळावी म्हणून कागदावर फुंकर घालत होतात. इतके खूश मी तुम्हाला कधी बघितलंच नव्हतं. मग नाही दिला."

मी दार उघडून खाली उतरलो. कुठे जायचं ते कळेना. गाडीला एक फेरी मारली आणि परत त्याच दारातून आत येऊन बसलो. खिडकीवर पावती घ्यायला आमचा नंबर पुकारला. गौरी जाऊन घेऊन आली, तिने ती घडी न घालता माझ्या मांडीवर ठेवली आणि गाडी सुरू केली.

मग मला रडू आलं. तेराव्याला आलं नव्हतं, मुलुंडहून गाडी आणताना आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं, आवाजासकट. पट्ट्याच्या हाताने डोळे पुसता येत नव्हते. अठरा वर्षांच्या मुलीने बापाचा चेहरा बघितला आणि कोरा कागद मागे घेतला, आणि मी तिला सात वर्षं समजूतदार म्हणत राहिलो. गौरीने मला गप्प केलं नाही. किलवणी नाक्यावर लाल दिवा होता, तिथे थांबली आणि हात लांब करून माझ्याकडचा एसीचा झोत खाली वळवला.

दिवा हिरवा झाला तरी ती जरा थांबली. मागून हॉर्न वाजले.

"दोन तारखेला सामान बरंच आहे," ती म्हणाली. "जव्हारचा घाट चढेल का ही?"

नवनाथला विचारावं लागेल, असं कसंबसं म्हणालो.

"विचारून ठेवा," ती म्हणाली.